लालीबाईचं गाठोडं

बेलडोहच्या जंगलात एप्रिल लागला की लपायला जागा उरत नाही. साग उघडा, धावडा उघडा, सालई तर नुसती हाडं काढून उभी. खालचा पाचोळा असा कडकडीत, की त्यावरून सरडा गेला तरी माणूस चालल्यासारखं वाजतं. अशा दिवसांत जंगलात चोरी करायची म्हणजे छाती लागते. म्हणून वाघदऱ्यातल्या चाराच्या झाडाची फांदी कापलेली दिसली, तेव्हा नलूच्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की इथं येऊन गेलेलं माणूस या पाचोळ्याला सरावलेलं आहे. म्हणजे ते बाहेरचं नाही, आपल्यातलंच आहे.

फांदी अंगठ्याएवढी जाड होती. विळ्याच्या एका घावात उडवलेली, आणि कापल्या जागी चीक अजून ओला. तुटलेला तुकडा मात्र खाली कुठंच नव्हता. नलूने मान वळवून पाहिलं. थोड्या अंतरावर धावजी नायक दगडावर बसून तंबाखू मळत होता.

"काय पाहून राह्यली व?" त्याने विचारलं.

"काही नाही. मुंगळे हायत."

मुंगळे नव्हतेच. धावजी नाल्यापलीकडच्या तांड्याचा नायक होता, आणि आदल्या दिवशी, मंगळवारी, राखणीची पाळी तांड्यातल्याच लालीबाईची होती. नायकाच्या कानावर घातलं तर ते दिवस मावळायच्या आत तांडाभर होणार. तेव्हा नलूने मुंगळ्यांवर भागवलं. पुढं बेलडोहमध्ये जे रामायण झालं त्यातलं पहिलं खोटं तिचं होतं, आणि तेही बिचाऱ्या मुंगळ्यांच्या नावावर.

चार म्हणजे चारोळीचं झाड. शहरातल्या लोकांना श्रीखंडावर पेरलेली चारोळी तेवढी ठाऊक असते, आणि त्यांचं तेवढ्यावर भागतंही. झाडावर ते फळ आधी हिरवं असतं, मग जांभळट होतं, मग मे महिन्याच्या तोंडाशी काळं कुळकुळीत. काळं झालं की गोड लागतं. मग बुलबुल येतात, वानरं येतात, उदमांजर येतं, एखादं अस्वलही उतरतं. सगळे पोटभर खातात आणि बिया जंगलभर टाकत फिरतात. एवढं बिनपगारी काम करणारी मंडळी दुसरीकडं कुठं मिळायची नाहीत.

पण या मंडळींच्या वाट्याला फळ येतच नव्हतं. बेलडोहची माणसं चार हिरवी असतानाच तोडत. हिरव्या फळात दाणा अर्धाही भरलेला नसतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. तरी तोडत, कारण आपण थांबलो तर दुसरा थांबेल याची खात्री कोण देणार? गेल्या साली पलीकडच्याने चार दिवस आधी तोडलं, म्हणून यंदा आपण आठ दिवस आधी. घाई एवढी, की फळ खुडायलाही वेळ नको. फांदीच तोडून खाली पाडायची आणि मग सावलीत बसून ओरपायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. शेवटी गावाजवळचे चार संपले आणि वाघदऱ्यात, जिथं उन्हाळ्यातही थोडी ओल असते, तिथं काही जुनी झाडं उरली.

हे बोलून दाखवलं नलूने. गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, समिती झाली, तिच्या पहिल्याच सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "वाघदऱ्यात चाराच्या आज्या हायत, आजे हायत. नातू एक बी नाही. कोनाले दिसला असन तं सांगा." सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी काही जण मुद्दाम जाऊन पाहून आले, आणि मग कुणी हसलं नाही. गुडघ्याएवढं रोपटंसुद्धा चाराचं नव्हतं.

मग नियम झाला. फळ काळं होईस्तोवर वाघदऱ्यात कुणी विळा चालवायचा नाही. चारालाच नव्हे, कोणत्याही झाडाला नाही. हा नियम सभेत लावून धरला तो दोघींनी. एक नलू, बौद्धपुऱ्यातली, आणि दुसरी तांड्यातली लालीबाई. या दोघी तेंदूपत्त्याला वर्षानुवर्षं बरोबर जाणाऱ्या, एका डब्यात जेवणाऱ्या. लालीबाईच्या मिरचीच्या ठेच्याने नलूच्या डोळ्यांतून पाणी काढायचं आणि नलूने तिला शिव्या देत तोच ठेचा पुन्हा मागायचा, असा त्यांचा परिपाठ. लालीबाई तिला 'नले' म्हणायची. पुऱ्यात तिच्या सासूशिवाय त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, आणि सासू वारल्यावर तशी हाक मारणारी लालीबाई एकटीच उरली होती.

राखणीची रीत धावजी नायकाने सुचवली. रोज दोन माणसं जायची, एक गावचं आणि एक तांड्याचं. आणि जोडी मैत्रीची नको. "दोस्त दोस्ताले झाकते," असं त्याचं म्हणणं. सगळ्यांना ते फार शहाणपणाचं वाटलं. म्हणून नलू धावजीबरोबर बुधवारी, आणि लालीबाई नलूच्या धाकट्या जावेबरोबर, ममताबरोबर, मंगळवारी. झाडं राखायची म्हणून माणसं बसवली, आणि माणसं बसल्या बसल्या एकमेकांना राखू लागली. झाडाकडं कुणी वर पाहीना.

नलूनेही पाहिलं नाही. तिने पाहिलं ते कापलेलं तोंड.

घरी आल्यावर तिने ममताला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल दिवसभर होती का व दऱ्यात?"

"होती ना." ममता भांडी घासत होती. हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "दुपारी जरा जेवाले आलती. लालीबाईच म्हने, जाय तू, उन्हाची कायले बसतं, मी हाय ना."

"तीच म्हने?"

"तीच."

झालं. एवढ्यावर नलूची रात्रीची भाकरी गोड लागली नाही. लालीबाईने ममताला पाठवलं, याचा अर्थ लालीबाईला एकटं राहायचं होतं. एकटं कायले राहायचं होतं? चांगुलपणानेही एखादी बाई दुसरीला उन्हातून घरी पाठवते, हा विचार नलूला सुचला नाही असं नाही. सुचला, पण तो दारातूनच परत गेला.

पुढच्या मंगळवारी तिने अंगणात ज्वारी पाखडायला घेतली. ज्वारी कालच पाखडून झाली होती. दुपार कलताना जंगलाच्या वाटेने लालीबाई आली. डोक्यावर गाठोडं, जुन्या लुगड्यात गच्च बांधलेलं. एरवी ती नलूच्या अंगणात आल्याशिवाय पुढं जायची नाही. माठातलं पाणी प्यायची, गावातल्या चार जणींची निंदा करायची, मग तांड्याकडं वळायची. आज ती कुंपणाच्या बाहेरूनच निघाली.

"लाली, पानी नाही पेत का?"

"नाही व नले. बकऱ्या बांधल्या हायत, चिल्लावून राह्यल्या असतीन."

"काय आनलं?"

"काय नाही. पाला हाय."

पाला आहे तर एवढा गच्च कायले बांधला? आणि पाला म्हणताना ती नलूकडं न बघता कुंपणाजवळच्या वाळलेल्या निंबाकडं का बघत होती? नलू तिची पाठमोरी आकृती नाल्यात उतरेपर्यंत बघत राहिली. गाठोड्यावर एका बाजूला ओलसर डाग होता. चिकाचाच, नलूने मनाशी ठरवून टाकलं.

बुधवारी दऱ्यात आणखी कापलेली तोंडं सापडली. एक या झाडाला, दोन त्या झाडाला. हिरव्या फळांचे घोस मात्र जिथल्या तिथं दिसत होते, असं कुणी म्हटलं असतं तर नलू म्हणाली असती, दिसतात तेवढे दिसतात, गेले ते कुठं दिसणार? संशयाला पुरावा लागत नाही. त्याला जे मिळेल ते तो खातो आणि वाढतो.

ती एकदा तांड्यातही जाऊन आली. निमित्त ताकाच्या भांड्याचं. भांडं परत करायला ती कधीच एवढी तत्पर नव्हती. लालीबाईच्या ओसरीत जातं धुऊन उन्हात उपडं घातलेलं होतं. चारोळी फोडायला जातंच लागतं. बाजूला बकऱ्या आपल्या मजेत रवंथ करत होत्या, पोटं टम्म फुगलेली. एप्रिलमध्ये, जेव्हा रानात हिरव्याचा ठिपका नाही तेव्हा, या बकऱ्या इतक्या सुखात कशा, हा खरा प्रश्न होता. पण नलू जात्याकडं बघत होती.

लालीबाईने चहा ठेवला. तिच्या मनगटावर ओरखडे होते आणि बोटांना काळपट डाग.

"हाताले काय झालं?"

"काडी लागली." लालीबाईने हात पदराखाली घेतला. मग उगीचच म्हणाली, "यंदा चार मस्त लागली व. असे घोस मी लहानपनी पाह्यलते."

"हो," नलू म्हणाली. "टिकली तं."

लालीबाईने तिच्याकडं एकदा नीट पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग चहा उतू जातोय म्हणून चुलीकडं वळली. चहा उतू जात नव्हता.

तिथंच, त्या ओसरीत, एका प्रश्नाचं काम होतं. लाली, गाठोड्यात काय होतं? एवढंच. नलूच्या जिभेवर तो आलाही होता. पण तो तिने गिळला, आणि का गिळला हे तिला नेमकं ठाऊक होतं. ती लहान असताना पाटलाच्या खळ्यावरून कुणीतरी तुरीचं पायलीभर गाठोडं उचललं होतं. चोर कोण ते कधी कळलं नाही, पण विचारायला माणसं पहिल्यांदा आली ती पुऱ्यातच. दर वेळी पुऱ्यातच यायची. नलूच्या आईला खळ्यावर बोलावून, सगळ्यांसमोर पदर झटकून दाखवायला लावला होता. आईने झटकला. पदरातून चिमूटभर तंबाखू पडली, तिलाही माणसं हसली. पुढं मरेपर्यंत आईने पाटलाच्या खळ्यावर पाय ठेवला नाही. आपण कुणाला असं विचारायचं नाही, हे नलूने तेव्हाच मनात बांधून ठेवलं होतं.

म्हणून तिने विचारलं नाही. न विचारता दोषी मात्र ठरवून टाकलं. विचारण्याने माणूस एकदा दुखावतो, हे तिला ठाऊक होतं. न विचारण्याने काय होतं, ते ठाऊक व्हायचं होतं.

धर्मपाल, तिचा नवरा, मुकुटबनच्या फाट्यावर ऑटो चालवायचा. संध्याकाळी तो पाय धूत असताना तिने सगळं त्याच्या कानावर घातलं. त्याने ऐकून घेतलं आणि टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "मंग तू कोनासाठी राखून राह्यली? तांडा खाऊन जाईन आन् पुऱ्यातले लोक तुले विचारतीन, तुयाच्यानं आमी थांबलो, आता काय खाऊ?"

"लाली तशी नाही."

"मीबी तं तेच म्हनतो. तशी नसन तं विचार."

"असं कसं विचारू?"

"मंग गप राह्य," धर्मपाल म्हणाला आणि मोबाइल चार्जिंगला लावायला आत गेला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

नलूच्या डोक्यात तो तिथून सुरू झाला. पुऱ्यातल्या बायका तिच्या शब्दावर थांबल्या होत्या. एकेकीला तिने घरी जाऊन सांगितलं होतं, काळं होऊ द्या, दाणा भरू द्या. त्यांच्या हाती फुटकी कवडी लागली नाही आणि तांड्यात चारोळी वाळत पडली, तर ती तोंड कुठं लपवणार होती? नियम मोडायचा नव्हता तिला. फक्त आपल्या पुऱ्यापुरतं थोडं हाताशी असावं. दाखवायलाही कामी येईल, की बघा, लवकर तोडली तर फळं अशी पोकळ निघतात. स्वतःला पटवायचं म्हटलं की माणसाला वकील लागत नाही.

सोमवारी पाळीवाले दोघंही लग्नाला गेले होते. भर दुपारी नलू वाघदऱ्यात उतरली. पाचोळा तिच्या पायाखाली असा वाजत होता, की आपल्या मागून कुणी येतंय असं वाटून ती दोनदा थांबली. मागं कुणी नव्हतं. ती मोठ्या चारावर चढली. तरुणपणी ती वानरासारखी चढायची. आता गुडघे कुरकुरले. वरच्या घोसांना हात घातला तेव्हा फळं कठीण होती, हिरवीगार, आणि देठ सुटायला तयार नव्हते. ओढून तोडावे लागले. खालून एक बुलबुल तिच्यावर ओरडत होता. ती पिशवीभर फळं घेऊन उतरली आणि घरी जाऊन न्हाणीच्या मागं बादलीत भिजत घातली, म्हणजे साल सुटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळीवर जायच्या आधी, ममता पिठाची चाळणी मागायला आली. चाळणी न्हाणीच्या भिंतीला टांगलेली असायची. नलू "थांब, मी देतो" म्हणत उठेपर्यंत ती तिथं पोचली होती. बादलीवरचं झाकण सरकलेलं होतं. ममताने चाळणी काढली, बादलीत पाहिलं, मग नलूकडं पाहिलं.

"पानी लय काळं झालं व बाई," एवढंच ती म्हणाली आणि चाळणी घेऊन गेली.

तिनेही काही विचारलं नाही. घरातच शिकलेली होती ती. पण त्या संध्याकाळी पुऱ्यातल्या बायका दारादारांत उभ्या राहून नलूच्या न्हाणीकडं बघत कुजबुजत होत्या.

बुधवारी पहाटे वाघदऱ्यातून ठकठक ऐकू येऊ लागली. नलू चुलीपुढं बसली होती. ती कुऱ्हाडीची ठकठक आहे हे तिला पहिल्याच घावाला कळलं. ती तशीच धावली. दऱ्यात जत्रा भरली होती. पुरा निघालेला पाहून गाव निघालं होतं, आणि ते पाहून तांडा तर अख्खा उतरला होता. बायका फांद्या ओढत होत्या, माणसं झाडांवर होती, खाली पोत्यांची रांग. वर्षभर जे एकमेकांची तोंडं पाहत नव्हते ते आज खांद्याला खांदा लावून तोडत होते. कुणी कुणाला चोर म्हणत नव्हतं, कारण आता सगळेच एका ओळीत होते.

"थांबा व, काय करून राह्यल्या?" नलू एकीचा हात धरायला गेली. ती पुऱ्यातलीच होती. तिने हात सोडवून घेतला आणि हसून म्हणाली, "तुयं झालं ना बाई तोडून? आता आमाले तोडू दे."

त्या गर्दीत लालीबाई दिसली. ती तोडत नव्हती. मोठ्या चाराच्या खोडाला पाठ लावून उभी होती आणि तिच्याच तांड्यातली माणसं तिला बाजूला व्हायला सांगत होती. वरून फांद्या पडत होत्या. थोड्या वेळाने तिला दोघींनी हाताला धरून बाजूला नेलं, आणि ती गेली. उन्हं तापायच्या आत दरा साफ झाला. हिरवं उरलं ते जमिनीवर, पायांखाली.

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सभा बसली. झाडं संपल्यावर सभा बोलवायला आपल्याकडं कुणी उशीर करत नाही. प्रश्न एकच, पहिला विळा कुणाचा? गावाने तांड्याकडं बोट दाखवलं. तांड्याने पुऱ्याकडं. मग गावातला एक जण उठला आणि म्हणाला, "लालीबाई दर मंगळवारी गाठोडं घेऊन येत होती. मी डोयानं पाह्यलं. ग्रुपवर फोटो बी टाकतो पाहिजे तं." आणखी दोघं म्हणाले, आमीही पाहिलं. म्हणजे नलूच एकटी अंगणात ज्वारी पाखडत बसली नव्हती. गावभर ज्वारी पाखडणं चालू होतं.

धावजी नायकाने लालीबाईकडं पाहिलं. "काय होतं व गाठोड्यात?"

इतक्या दिवसांनी तो प्रश्न कुणीतरी विचारला.

"बांडगूळ," लालीबाई म्हणाली.

सभेत कुजबुज झाली. लालीबाई उठून उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय होती, पण आज आवाज बसला होता. "चारावर बांडगूळ लय माजलं होतं. दुसऱ्याच्या अंगावर राह्यते आन् त्याचं रगत पेते ते. घोस लागलेल्या फांद्या सुकून राह्यल्या होत्या. ते जड धरून असते, फांदीचा तुकडा घेतल्याबिगर निघत नाही. मी काढलं. माह्या बकऱ्याइले चारा बी झाला, उन्हाळ्यात तेच एक हिरवं असते. विळा चालवाचा नाही असा नेम मीच बोललती, म्हनून झाकून नेलं. तेवढी माही चुकी हाय. जे दंड असन ते देतो."

"सांगाले काय जाते," मागून कुणी म्हणालं. "आन् मोठ्या झाडाच्या शेंड्यावरचे घोस? ते बी बांडगूळ होतं का? ते तं आमी जायच्या आधीच गेलते."

"तिथं नलू चढलती," लालीबाई पटकन म्हणाली. "सोमवारी दुपारी. मी टेकडीवर बकऱ्या घेऊन होती, मले दिसली. पिकलं का नाही ते पाहाले चढलती ती. ती पाह्यतेच. एकेक झाड पाह्यते. तिनं नसते तोडले, दुसऱ्या कोनं तोडले असन." आणि नलूकडं वळून, अगदी रोजच्यासारखं, "सांग ना व नले."

सगळे नलूकडं बघू लागले. धर्मपाल जमिनीकडं बघत होता. ममता सरळ नलूच्या डोळ्यांत बघत होती. ममताने बादलीचं नाव काढलं असतं तर एका वाक्यात सगळं उघड झालं असतं, पण ती थांबली होती. आणि लालीबाई वाट बघत होती. तिच्या तोंडावर संशयाचा मागमूस नव्हता. नलूला झाडावर, भर दुपारी, एकटीला, पिशवीसकट पाहूनही तिच्या मनात तो आला नव्हता. नलूला तेव्हा जे वाटलं त्याला लाज म्हणणं म्हणजे फार थोडं म्हणणं झालं.

ती उठली आणि घराकडं गेली. लोकांना वाटलं पळाली. ती बादली घेऊन परत आली, ओट्यासमोर उभी राहिली आणि बादली ओतली. काळं पाणी धुळीत पसरलं. त्यात हिरवी, सुरकुतलेली फळं.

"मी तोडले," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी. मले वाटलं लाली तोडून राह्यली. मी तिले विचारलं नाही."

लालीबाई पुढं आली. वाकून तिने एक फळ उचललं, दाढेखाली धरून फोडलं आणि तळहातावर थुंकून पाहिलं. आत दाणा नव्हता. दुधाळ पाणी होतं, आणि एक पातळ पापुद्रा.

"पानीच हाय," ती म्हणाली. हात लुगड्याला पुसून ती आपल्या जागेवर गेली आणि बसली. तिथून तिने नलूकडं पाहिलं नाही.

नलू दुसऱ्या दिवशी दऱ्यात गेली. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. शेजारच्या ऐनावर, मोहावर बांडगुळाचे हिरवे झुबके लोंबत होते. चाराच्या झाडांवर, जेवढी काही झाडं म्हणण्यासारखी उरली होती त्यांच्यावर, एकही नव्हता. इतके बुधवार ती या झाडांखाली बसली होती. कापलेलं तिला दिसलं होतं, काढलेलं दिसलं नव्हतं. बुलबुलाची जोडी एका थोटक्या फांदीवर येऊन बसली, इकडून तिकडं उडाली आणि निघून गेली.

मे लागला, तेंदूपत्त्याचा हंगाम आला. लालीबाई यंदा दुसऱ्या बायकांबरोबर जाऊ लागली. नलू तांड्यात दोनदा जाऊन आली. लालीबाईने तिला बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं, चहा दिला. पाहुणीला देतात तसा सगळा मान दिला. नलू काहीतरी बोलायला लागली की ती म्हणायची, "जाऊ द्या, झालं ते झालं."

आणि मग ती येऊ लागली. जंगलातून परतताना, पाल्याचा भारा असो, सरपण असो, तेंदूच्या पानांचं गाठोडं असो, लालीबाई तांड्याची सरळ वाट सोडून पुऱ्यात वळते. नलूच्या अंगणात येते. डोक्यावरचं ओझं खाली ठेवते, वाकून गाठ सोडते आणि लुगडं चारही बाजूंनी पसरून देते. पानं हातानं वरखाली करून दाखवते, म्हणजे खाली काही लपवलंय असं वाटू नये.

"पाहून घ्या नलूबाई," ती म्हणते.

पहिल्या दिवशी नलूने तिचा हात धरला होता. "लाली, असं नको करू व. तुया पाया पडतो." लालीबाईने हात सोडवून घेतला नाही, रागही केला नाही. ती नुसती उभी राहिली. आजूबाजूच्या अंगणांतून बायका बघत होत्या. ऊन उतरून गेलं तरी ती उभीच होती, गाठोडं उघडं टाकून, आणि नलूला खळ्यावरची आई दिसत होती.

शेवटी नलूने खाली वाकून पाहिलं. तेव्हा कुठं लालीबाईने गाठ बांधली.

आता नलू काही म्हणत नाही. लालीबाई आली की हातातलं काम ठेवून उठते, आणि बघते.